प्रबंध फिरतीवर

मंगळवारी अकरा वाजता तोंडी परीक्षा होती आणि सोमवारी सकाळी सव्वासातला चेतनाच्या लक्षात आलं, की आपला प्रबंध घरात नाही.

तिने कपाट पाहिलं, पलंगाखालची पेटी पाहिली, फ्रिजच्या वर पाहिलं. मग देवघर पाहिलं. देवघरात पाहण्याला कारण होतं. पंधरा दिवसांपूर्वी बाइंडिंगवाल्याकडून काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेला तो एकशे अठ्ठावीस पानांचा ग्रंथ कोरीट गावी, घरी आला, तेव्हा सासूबाई छबूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहून तीन दिवस देवांशेजारी ठेवलं होतं. वर सोनेरी अक्षरांत 'नंदुरबार जिल्ह्यातील ग्रामीण वाचकांच्या वाचनसवयी : एक अभ्यास' असं होतं आणि त्याखाली 'सौ. चेतना हेमकांत पाटील'. छबूबाईंना वाचता येत नव्हतं. पण सोनेरी अक्षर बोटाला लागतं हे त्यांना कळलं होतं, आणि जाता-येता त्या त्यावरून एकदा बोट फिरवून मगच पुढे जात.

चौथ्या दिवशी ग्रंथ देवघरातून फडताळात गेला, एवढं चेतनाला माहीत होतं. त्यानंतर तिने तो उघडला नव्हता. छापून झालेल्या मजकुरात चूक सापडली तर काय, या भीतीने ती त्या फडताळाकडे बघतसुद्धा नव्हती.

चेतना बारा वर्षं नंदुरबारच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात परिचर होती. ग्रंथपाल सांगतील ते पुस्तक काढून द्यायचं, परत आलेलं जागेवर लावायचं आणि पावसाळ्यात गळणाऱ्या छताखाली बादल्या ठेवायच्या. ते करता करता तिने ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आणि मग एम.लिब.ला नाव घातलं. पुस्तकं लावायला दोन वर्षं काय शिकायचं, असं गावात पुष्कळांनी विचारलं. तिने उत्तर दिलं नाही, कारण पहिले सहा महिने तिलाही तोच प्रश्न पडत होता. मग एका संध्याकाळी वर्गीकरणाचा धडा वाचताना तिला समजलं, की माणसाला आजवर जे जे माहीत झालंय त्या प्रत्येक गोष्टीला एक आकडा आहे, आणि जे अजून कोणालाच माहीत नाही त्याच्यासाठीसुद्धा मध्ये जागा मोकळी सोडलेली आहे. त्या संध्याकाळी तव्यावरची भाकर कोळसा झाली. हेमकांतने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, काही न बोलता ती खाल्ली.

आता पदवी एका परीक्षेवर येऊन थांबली होती. महाविद्यालयाचे ग्रंथपाल महिनाअखेर निवृत्त होणार होते. हातात पदवी असेल तर तुमचा विचार करू, असं प्राचार्य म्हणाले होते. नसेल तर काय, ते त्यांनी सांगितलं नव्हतं, पण बाहेरगावच्या दोघांचे अर्ज टेबलावर आलेले तिने स्वतः फायलीला लावले होते. आणि परीक्षेच्या पत्रात एक ओळ ठळक छापली होती : उमेदवाराने मार्गदर्शकांच्या मूळ सहीचं प्रमाणपत्र असलेली स्वतःची प्रत सोबत आणावी, अन्यथा परीक्षा घेतली जाणार नाही. मार्गदर्शक सर मुलीकडे बडोद्याला गेले होते आणि त्यांचा फोन बंद होता. म्हणजे सही जगात एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण फडताळात नव्हतं.

छबूबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आई, मन्ही चोपडी कोठे शे?"

"दोधू लई गया," छबूबाई म्हणाल्या. "धा दिन व्हई गयात."

"कोणले इचारीसन?"

"माले इचारीसन."

त्यांच्या आवाजात अपराधाचा लवलेश नव्हता. हळूहळू सगळं बाहेर आलं. दोधूआप्पा हे एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. ताक न्यायला आले असताना त्यांनी ग्रंथ सहज उघडला आणि उभ्या उभ्या अर्धा तास वाचला. ताकाचं भांडं विसरले, ग्रंथ घेऊन गेले. आपल्या सुनेची चोपडी माणूस ताक विसरून वाचतो, हे बघून छबूबाईंचा ऊर भरून आला होता.

पण लोकांना त्या रुक्ष प्रबंधात एवढं काय सापडलं, याला खरं कारण चेतनाच होती. अभ्यासासाठी तिने दीडशे माणसांच्या मुलाखती घेतल्या होत्या. काही कोरीटच्या, काही खांडबाऱ्याच्या, तर काही नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पठारीवर कामाला येणाऱ्या मजुरांच्या. कोणाचं नाव छापायचं नाही असा संशोधनाचा दंडक, म्हणून तिने प्रत्येकाला आकडा दिला. उत्तरदाता क्रमांक एक, उत्तरदाता क्रमांक दोन. ही खबरदारी घेतल्याचा तिला फार अभिमान होता, आणि त्या खबरदारीनेच घात केला. नावं छापली असती तर प्रत्येकाने आपलं नाव शोधून पुस्तक मिटलं असतं. आता कोण काय बोललं ते ओळखायला सगळं वाचावं लागत होतं. क्रमांक बारा म्हणतो, 'वाचायला बसलो की झोप येते, म्हणून रोज वाचतो.' हा कोण? क्रमांक सत्तावीस फक्त लग्नपत्रिका वाचते, पण मागच्या बाजूसकट. ही कोण? आणि क्रमांक एक्केचाळीस म्हणते, 'पुस्तक आवडतं; पण हातात घेतलं की घरात सगळ्यांना वाटतं, बाई रिकामी आहे.' या एका ओळीवरून कोरीटमध्ये आठवडाभर विहिरीपासून चक्कीपर्यंत खल चालला होता, आणि चेतनाला त्याचा पत्ता नव्हता.

ती स्कूटी काढायला लागली तशी छबूबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवून पदर खोचला. "मी दिधी, मीच लई येसू," असं म्हणून त्या मागे बसल्या.

दोधूआप्पांकडे ग्रंथ नव्हता. पण ते चेतनाची वाटच पाहत असल्यासारखे होते. मुलाखतीत त्यांनी आजवर चारशे पुस्तकं वाचल्याचं सांगितलं होतं आणि पान एकाहत्तरवर चेतनाने लिहिलं होतं, 'काही उत्तरदात्यांनी आकडे फुगवून सांगितल्याची शक्यता नाकारता येत नाही.' आप्पांनी स्वतःला तात्काळ ओळखलं होतं.

"चारशे म्हंजे चारशे," ते म्हणाले. "फुगाडेल आकडा नही शे तो. मी यादी लिखी दिधी."

चेतनाने विचारलं, यादी कुठे लिहिली. आप्पांनी सांगितलं, पुस्तकातच, मागे कोरी पानं होती तिथे. तीनशे त्र्याऐंशी झाली. उरलेली आठवत आहेत, त्यांना पानं पुरली नाहीत. चेतनाने विचारलं, पेन्सिलने का? आप्पांना प्रश्न कळला नाही. एकतीस वर्षं त्यांनी बॉलपेनशिवाय काही वापरलं नव्हतं.

त्यांनी ग्रंथ पुढे अंगणवाडीच्या निर्मलाबाईंना दिला होता. अंगणवाडीत पोरं खिचडी खात होती. निर्मलाबाईंनी चेतनाला दाराबाहेर घेतलं आणि साडी मागून फाटलीय हे सांगताना जसा आवाज काढतात तशा आवाजात म्हणाल्या, "बेटा, दीडशे लोकेसनी मुलाखत लिधी ना तू? मंग चौथा पाठमा एकशे बावन कशा व्हयनात?"

चेतना म्हणाली, शक्य नाही. निर्मलाबाईंनी आत जाऊन फळ्यावरची बदकं पुसली आणि व्यवसायांचा तक्ता चार पूर्णांक सहा तोंडपाठ लिहून काढला. आयुष्यभर लसीकरणाची आणि पोषण आहाराची रजिस्टरं भरलेल्या त्या बाईला आकडे एकदा दिसले की विसरता येत नसत. चेतनाने बेरीज केली. एकशे बावन्न. खालून वर केली. एकशे बावन्नच. जिची भीती होती ती चूक अशी बदकांच्या जागी, पोरांच्या देखत, समोर उभी राहिली. मार्गदर्शकांनी तो तक्ता पाहिला होता, टंकलेखकाने पाहिला होता, तिने स्वतः वीस वेळा पाहिला होता. खिचडी ढवळता ढवळता तो तपासला होता तो फक्त निर्मलाबाईंनी.

ग्रंथ त्यांच्याकडेही नव्हता. शुक्रवारी हळदीकुंकवाला खांडबाऱ्याहून रूपाली आली होती. रूपाली ही छबूबाईंची मुलगी, चेतनाची नणंद. ती वाचायला घेऊन गेली.

रूपाली फोन उचलत नव्हती. दोघींनी नंदुरबारला स्कूटी लावली आणि खांडबाऱ्याची बस धरली. चेतना खिडकीला डोकं टेकून बसली. मनात तिने नोकरीवर पाणी सोडलं होतं आणि परीक्षकांना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होती. छबूबाईंच्या मनात दुसरंच होतं. बराच वेळ दम धरून त्यांनी विचारलं, "एक्केचाळीस कोन शे वं?"

चेतना म्हणाली, सांगता येत नाही, नियम आहे. छबूबाईंनी मान डोलावली. मग त्यांनी सांगितलं, की निर्मला म्हणते, एक्केचाळीस मी आहे. दोधूआप्पांची बायको म्हणते, मी आहे. चक्कीवाल्या भिलाभाऊची रमिलाबाई शपथेवर सांगते, की ते वाक्य तिचंच. चेतना सरळ होऊन बसली. या तिघींपैकी एकीचंही ते वाक्य नव्हतं. एका बाईने एका दुपारी, भांडी घासता घासता, खाली बघत म्हटलेलं वाक्य होतं ते, आणि आता गावात तीन बायका त्याच्यावर हक्क सांगत होत्या. आपल्या हातून नक्की काय लिहिलं गेलंय, ते तिला उमगेना. बस थांबेपर्यंत तिने परीक्षकांना सांगायची वाक्यं जुळवली नाहीत.

रूपाली दारात रांगोळीच्या फरशीवर पाणी मारत होती. त्या दोघींना बघून तिने कपाळावर हात मारला. ग्रंथ तिने त्याच सकाळी कोरीटला परत पाठवला होता. तिचा नवरा भाग्येश टेम्पोतून मिरची घेऊन नंदुरबारला जातो, त्याच्याकडे दिला होता. म्हणजे दोघी खांडबाऱ्याला निघाल्या तेव्हा प्रबंध त्याच रस्त्याने, समोरून, मिरचीवर बसून गेला होता.

भाग्येशचा फोन लागेपर्यंत रूपालीने चहा टाकला, आणि चहाबरोबर तिच्याकडचाही हिशेब निघाला. मुलाखतीत तिला विचारलं होतं, गेल्या वर्षात किती पुस्तकं वाचली. ती म्हणाली होती, एकही नाही. तिचा आकडा 'वाचत नाही' या रकान्यात गेला होता.

"वहिनी, पोरेसना अभ्यास लेता लेता मी दहावी दोनदा वाची," रूपाली म्हणाली. "इतिहास, भूगोल, शास्त्र, बठ्ठं. परीक्षा तेवढी एकदाबी नही दिधी. आनि तुम्ही माले 'वाचत नाही'मा टाकी दिधं."

ती रागावलेली नव्हती. नुसतं सांगत होती. चेतनाच्या हातातला चहा तसाच राहिला. तिच्या तक्त्यात 'वाचत नाही' या रकान्यात एकशे चार माणसं होती, त्यांतल्या एकोणसत्तर बायका. त्या रकान्यावरच तिचा शेवटचा पाठ उभा होता, आणि त्या पाठाचं शेवटचं वाक्य होतं, 'ग्रामीण भागात वाचनाची आवड अत्यल्प आहे.' हे वाक्य लिहून तिने बाइंडिंगला दिलं आणि सकाळपासून ती याच वाचकांच्या मागे स्कूटी आणि बस करत फिरत होती. कारण तिचं पुस्तक कोणीच खाली ठेवत नव्हतं.

भाग्येशचा फोन अखेर लागला. तो म्हणाला, पठारीवर माल उतरवताना एका मुलीला टेम्पोत पुस्तक दिसलं. तिचं म्हणणं, आत तिचं नाव आहे. त्याने पाहिलं तर खरंच होतं. मग नाही कसं म्हणणार?

नंदुरबारच्या बाहेर मिरचीची पठारी म्हणजे नजर पोचेल तिथवर जमिनीवर अंथरलेली लाल मिरची. जानेवारीच्या कलत्या उन्हात ती अशी दिसते, की तिखट खाणारा माणूसही क्षणभर गप्प होतो. मग ठसका लागतो. छबूबाईंना सात शिंका आल्या. कडेला मजुरांच्या झोपड्या होत्या. सातपुड्यातली ही माणसं दिवाळीनंतर उतरतात आणि होळीच्या आत काठी या आपल्या गावी परत जातात. दोन वर्षांपूर्वी चेतना इथे प्रश्नावली घेऊन आली होती, तेव्हा तिथल्या रामसिंग या मजुराची मुलगी गायत्री तिच्यासोबत झोपडी-झोपडी फिरली होती आणि पावरी बोलीतली उत्तरं मराठीत सांगत होती. बारावी झालेली, वीस वर्षांची मुलगी. ऋणनिर्देशात चेतनाने तिचं नाव छापलं होतं; दीडशे माणसांच्या त्या ग्रंथात छापलेलं तेवढंच एक नाव.

झोपड्यांजवळ आल्यावर आवाज ऐकू आला. कोणीतरी मोठ्याने वाचत होतं.

रिकाम्या गोण्यांच्या ढिगावर गायत्री बसली होती. समोर पंचवीस-तीस माणसं मिरचीची देठं खुडत बसली होती. ती एक वाक्य मराठीत वाचायची आणि मग तेच पावरीत सांगायची. पावरीत ते वाक्य मराठीपेक्षा लांब व्हायचं आणि पुष्कळ जास्त चांगलं लागायचं. चेतनाने 'उत्तरदात्यांचे वयोगटानुसार वर्गीकरण' असं लिहिलं होतं, त्यावर एक म्हातारा खूश होऊन काहीतरी बोलला आणि सगळे हसले. तक्ता आला तसे गायत्रीने आकडेही वाचले, ओळीने, एकही न गाळता, आणि माणसं ते आकडे असे ऐकत होती, जणू प्रत्येक आकडा ओळखीचा होता. तसा तो होताच. ती स्वतःच तिथे मोजलेली होती.

परीक्षा दुसऱ्या दिवशी अकराला होती. पुस्तक दहा पावलांवर होतं. चेतनाने छबूबाईंचा दंड धरला आणि दोघी मिरचीच्या बांधाशी उभ्या राहिल्या. आपण लिहिलेलं मोठ्याने वाचलं तर कसं ऐकू येतं, हे चेतनाने कधी ऐकलं नव्हतं. दोन वर्षं तिला वाटत होतं, की हा कागदाचा गठ्ठा परीक्षकांसाठी आहे.

मध्येच एका बाईने हात वर करून काहीतरी म्हटलं. गायत्रीने एक वाक्य परत वाचलं, 'मला वाचता येत नाही. पण पोरगी वाचते तेव्हा माझे हात हळू होतात.' क्रमांक एकशे अठरा. ती बाई रेवाबाई होती, गायत्रीची आई. आपलं वाक्य छापलेलं आहे, हे तिला दुसऱ्यांदा ऐकायचं होतं. तिसऱ्यांदाही ऐकायचं होतं, पण बाकीच्यांनी पुढे चल म्हटलं.

पाठ संपला तेव्हा रामसिंगचं लक्ष गेलं. त्याने दोघींना बसायला गोणी झटकून दिली. चेतनाने आधी सगळ्यांची विचारपूस केली, मग उद्याच्या परीक्षेचं सांगितलं. गायत्रीने लगेच पुस्तक मिटून दोन्ही हातांनी पुढे केलं. देताना मात्र ती अडखळत म्हणाली, "मॅडम, एक सांगू? तुम्ही इथल्या सगळ्यांना 'वाचत नाही' असं लिहिलंय. तुम्ही विचारलं होतं, वाचता का. हे नाही म्हणाले. ऐकता का, असं तुम्ही विचारलंच नव्हतं."

पठारीवर सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी असतं, त्यामुळे चेतनाच्या डोळ्यांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

घरी आल्यावर तिने ग्रंथ उघडला. मागच्या सगळ्या कोऱ्या पानांवर निळ्या शाईत तीनशे त्र्याऐंशी पुस्तकांची यादी होती. पान एकाहत्तरच्या समासात 'फुगवलेला नाही. मागे पाहा' असं लिहून खाली दोधूआप्पांची सही होती. तक्त्याखालच्या बेरजेला पेन्सिलचं वर्तुळ होतं. रूपालीने 'वाचत नाही' या शब्दांपुढे एक प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि ते काढताना पानाला हळद लागली होती. मार्गदर्शकांची सही शाबूत होती. तिच्या शेजारी मिरचीच्या रंगाचा एक स्वच्छ अंगठा उमटला होता. शिक्क्यापेक्षा तो जास्त ठळक दिसत होता.

मंगळवारी अकराला परीक्षेच्या खोलीत दोन जण होते. एक विभागप्रमुख आणि दुसरे बाहेरगावचे परीक्षक. सडसडीत, साठीचे, गळ्यात मफलर. छबूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. परीक्षकांसमोर विद्यापीठाने पाठवलेली प्रत होती आणि ती उघडताना नव्या बाइंडिंगचा करकर आवाज आला, म्हणजे ती पहिल्यांदाच उघडत होती. सही बघण्यासाठी त्यांनी चेतनाची प्रत मागितली. तिने ती दिली आणि हात मांडीवर ठेवले.

परीक्षकांनी अंगठा पाहिला. पान उलटलं. मग आणखी एक उलटलं. विभागप्रमुखांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे कोणी लिहिलं?"

"वाचकांनी, सर."

परीक्षकांनी आपली करकरीत प्रत मिटून बाजूला सारली आणि तिच्या प्रतीवरूनच प्रश्न विचारायला सुरुवात केली. बेरीज एकशे बावन्न कशी? चेतनाने सांगितलं, दोघे जण शेतकरीही आहेत आणि दुकानदारही. ते दोनदा मोजले गेले. हे तिला बसमधून परत येताना उमगलं होतं. वाचक आकडे फुगवतात असं लिहिलंय, त्याला पुरावा काय? चेतना म्हणाली, पुरावा नव्हता, तो माझा समज होता. पुरावा विरुद्ध बाजूचा आहे, मागे यादीत. परीक्षकांनी यादी काढली आणि ते ती वाचत राहिले. एका ठिकाणी बोट ठेवून स्वतःशीच हसले. हे प्रश्नचिन्ह कसलं? तेव्हा तिने रूपालीचं सांगितलं, आणि मग पठारीवरचं सांगितलं. सांगताना ती उत्तरं देत नव्हती. जे पाहिलं ते सांगत होती, आणि तिचा आवाज आपोआप खाली आला होता. क्रमांक एक्केचाळीसवर परीक्षक थांबले. हे एकाच उत्तरदात्याचं विधान आहे का, त्यांनी विचारलं.

"छापलं तेव्हा एकीचं होतं, सर."

"आणि तुमचा निष्कर्ष?"

"निष्कर्ष चुकलाय," चेतना म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं, की आपण आत्ता परीक्षेत काय बोललो.

परीक्षकांनी चष्मा काढला. सव्वीस वर्षांत त्यांनी शेकडो प्रबंध तपासले होते, असं ते म्हणाले. प्रत्येक प्रबंध कपाटात जाताना पाहिला. कपाटातून निघून एस.टी.च्या रस्त्याने फिरून, मिरची लागून परत आलेला त्यांनी हा पहिलाच पाहिला. त्यानंतर त्यांना नियमाची आठवण झाली आणि त्यांनी आवाज कडक केला. खाडाखोड असलेली ही प्रत दप्तरी घेता येणार नाही. बेरीज दुरुस्त करायची, शेवटचा पाठ नव्याने लिहायचा आणि पंधरा दिवसांत स्वच्छ प्रत जमा करायची. या अटीवर उत्तीर्ण.

पंधरा दिवसांत तिने तो पाठ लिहिला. चौदा दिवस नुसती विचार करत होती आणि शेवटच्या दिवशी बसून लिहिला. त्यात तिने 'ऐकणारे' असा नवा रकाना केला. निकालात पहिला वर्ग मिळाला, आणि एक तारखेपासून ग्रंथपालांच्या खुर्चीवर ती तात्पुरती म्हणून बसायला लागली. पण हे सगळं नंतरचं.

त्या मंगळवारी, खोलीतून बाहेर पडताना, परीक्षकांच्या हातात तिची ती रंगलेली प्रत अजून तशीच होती. दप्तरी घ्यायची नाहीच, तर मी घेऊन जाऊ का, त्यांनी विचारलं. रेल्वेत वाचेन, पोस्टाने पाठवेन. माझ्याजवळची प्रत कोरी आहे.

चेतनाच्या तोंडातून हो निघणारच होतं. एवढ्यात छबूबाई बाकावरून उठल्या, पुढे आल्या आणि त्यांनी साहेबांच्या हातातून ग्रंथ अलगद, पण ठामपणे काढून घेतला. पदराने पुसला. सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं.

"तुमना नंबर सातवा शे," त्या म्हणाल्या. "आधी भिलाभाऊ, मंग रमिलाबाई. मंग चौघं शेतस."

परीक्षकांना अहिराणी येत नव्हती, पण समजलं सगळं. ते अदबीने म्हणाले, चालेल, मी थांबतो. छबूबाईंनी त्यांना मफलरपासून बुटांपर्यंत नीट न्याहाळलं. माणूस गावचा नव्हता. असा माणूस पुस्तक घेऊन गेला तर मागे कुठे शोधायचा, हा खरा सवाल होता.

"आनि तुम्ही परत देसात, यानी जिम्मेदारी कोन लेस?"

मग विभागप्रमुखांनी हळूच हात वर केला.